क्यांपातले पोट्टे

बशीरभाऊंनी आयुष्यात एकच सिनेमा बनवला, आणि तोही दुसऱ्याचा होता.

चिमूरला त्यांचं व्हिडिओचं दुकान होतं, तेव्हाची ती कमाई. आता त्याच गाळ्यात त्यांचा मुलगा ताबिश मोबाईलला काचा बसवून देतो आणि बशीरभाऊ दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दुकान उघडं असल्याचं सांगतात. दुकान उघडं आहे हे लोकांना दिसतंच. पण सत्तरीच्या माणसाला घरी बसवलं तर तो स्वयंपाकात लक्ष घालतो, म्हणून त्यांच्या बायकोनं, जरीनाबींनी, ही नेमणूक करून ठेवली होती.

दिवाळी नुकतीच उरकली होती. बशीरभाऊ आपल्या जागेवर बसलेले असताना खापरीच्या हेमराजचा फोन आला. हेमराज खापरीच्या मासेमारी संस्थेचा अध्यक्ष. चाळिशी ओलांडलेला, मिशी राखलेला माणूस, पण बशीरभाऊंशी बोलायला लागला की तिसरीतला होतो.

"भाऊ, यंदा मंडईले नाटक नाई," तो म्हणाला. "कंपनीच्या हिरोइनीले कांजण्या निघाल्या."

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, संध्याकाळपासून नाटक, आणि सासरी गेलेल्या सगळ्या पोरी लेकरांसकट माहेरी. नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. बशीरभाऊंनी वाईट झालं असं म्हटलं.

"वाईट काऊन जी? चांगलंच झालं. आमी तुमचा सिनेमा लावून राह्यलो."

"कोनता?"

"कोनता म्हनजे? तुमचा एकच तं आहे. क्यांपातले पोट्टे."

बशीरभाऊ खुर्चीतून उठले, आणि उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे परत बसले.

"ते कॅसेट गेली ना बाप्पा," ते म्हणाले. "बुरशी लागली होती. मीच फेकली."

"कॅसेट कोन मांगून राह्यलं? आमच्या रोशनीनं मोबाईलवर शोधला. क्यांप, ढोल्या मास्तर, जिलबीच्या कढईत पडला, असं काईबाई टाकलं तं निघाला. तेलुगूच आहे, पन आता मोबाईल सोताच मराठीत बोलते. बटन दाबलं का झालं. तुमाले बोलाचा त्रासच नाई. या, पुढं बसा, शाल घ्या, नारळ घ्या."

"रोशनीनं पाहिला का पुरा?"

"पाहू देतो का मी? सगळ्यानं मिळून पाहाचा म्हटलं." मग हेमराजचा आवाज जरा खाली आला. "भाऊ, तुमाले खरं सांगू? मुखरूदादा गेला, त्याच्यानंतर माय पहिल्यांदा हसली ते तुमच्या सिनेमात. मी तिच्या मांडीवर होतो. तिचं पोट हाललं, ते मले अजून आठवते. आता ती थकली. म्हटलं, एक डाव अजून हसू दे."

यावर कोणता माणूस येत नाही म्हणेल? बशीरभाऊ येतो म्हणाले, फोन ठेवला, आणि समोरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकान बंद आहे असं सांगितलं.

त्यांना घाम का फुटला, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

व्हिडिओवाल्यांचा तेव्हा एक दंडक होता. सिनेमा आधी पाहायचा नाही. कॅसेट जितकी चालवाल तितकी झिजते, आणि घरच्या माणसांसाठी माल झिजवणं कोणत्याच धंद्यात बसत नाही. वेष्टनावरचं चित्र पाहायचं, विकणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा आणि टी.व्ही. बैलगाडीत तणसावर निजवून गावाला निघायचं. सिनेमा कसा आहे ते गावाला कळेल तेव्हाच व्हिडिओवाल्यालाही कळायचं.

त्या वर्षी खापरीहून निरोप आला होता, की मंडईला हसायचा सिनेमा आणा. रडायचा एकही नको. कारण देवकाबाई. हेमराजची आई. त्या पावसाळ्यात तिचा मोठा मुलगा मुखरू गावच्या तलावात गेला. ढीवराचं पोर, पाण्यात जन्मल्यासारखं पोहायचं. तळाशी अडकलेलं जाळं सोडवायला बुडी मारली आणि जाळ्यातच पाय अडकला. तेव्हापासून देवकाबाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. मंडईला तिला ओढून आणायचं आणि हसवायचं, असं बायकांनी ठरवलं होतं.

बशीरभाऊंनी आंध्राच्या सीमेवरच्या सिरोंच्याच्या बाजारातून नवी कॅसेट आणली. विकणाऱ्यानं अंगठा वर करून ‘फुल कॉमेडी’ असं सांगितलं. वेष्टनावर ट्यूबमध्ये अडकलेला एक गोल गरगरीत मास्तर होता आणि भोवती खिदळणारी पोरं. सिनेमा तेलुगू होता, पण बशीरभाऊंनी ती अडचण मानली नाही. सिरोंच्याला त्यांची मावशी राहायची, आणि एवढ्या भांडवलावर आपल्याला तेलुगू येतं असं ते चारचौघांत सांगत. मावशी उर्दू बोलायची.

देवकाबाईंना बायकांनी अगदी पुढं, टी.व्ही.च्या तोंडाशी बसवलं. बशीरभाऊ बाजूला उभे राहिले आणि सांगू लागले. शहरातली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत जंगलात क्यांपाला आली आहेत. हा ढोल्या मास्तर. हा जंगू, सगळ्यात उपद्व्यापी. नावं त्यांनी जागच्या जागी ठेवली. मास्तर सकाळच्या रांगेपुढं भाषण करायला लागला, तेव्हा बशीरभाऊ म्हणाले, "मास्तर म्हनून राह्यला, काल भाजीत मीठ कमी पडलं, ते आज भाषणात टाकतो." मास्तरनं छडी उगारली, तेव्हा म्हणाले, "जो पोट्टा सकाळी उठन नाई, त्याले रात्री झोपू देनार नाई." पोरं लोळली. म्हातारे खोकेपर्यंत हसले. देवकाबाई दगडासारख्या बसून होत्या.

मग क्यांपातली पोरं तलावावर गेली. जंगूनं पैज लावून सूर मारला. बाकीची पोरं टाळ्या वाजवत होती, ती हळूहळू थांबली. बशीरभाऊंना तेलुगू येत नव्हतं, पण पाण्यावर येणारे बुडबुडे काही तेलुगूत येत नाहीत. पुढं काय आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांच्या पायाशी देवकाबाई बसल्या होत्या.

ते टी.व्ही.च्या पुढं जाऊन उभे राहिले. व्ही.सी.आर.चं हेड खराब झालं, मिनिटभर थांबा, असं म्हणून त्यांनी हात मागं नेला आणि कॅसेट पुढं पळवली. पळवता पळवता तोंड चालू ठेवलं. जंगू मोठा हुशार, पाण्यातल्या पाण्यात पोहत गेला आणि तिकडच्या काठानं निघाला. क्यांपाच्या कोठीची किल्ली त्याच्याच खिशात. आता सगळे उपाशी.

पुन्हा चित्र आलं तेव्हा पडद्यावर सगळे रडत होते. साहजिकच होतं, जेवण नव्हतं. जंगूचा बाप धावत आला आणि मटकन खाली बसला. साहजिकच होतं, मास्तरनं त्याला पोराचे मार्क सांगितले. जंगूच्या फोटोला हार घातला. शाळेत पहिला आला म्हणून. ज्याचे मार्क ऐकून बाप खाली बसला तो पहिला कसा आला, हे कोणी विचारलं नाही. शेवटी ढोल्या मास्तर एकटाच काठावर बसून हमसाहमशी रडू लागला, तेव्हा बशीरभाऊंचा शर्ट पिळण्याइतका ओला झाला होता. ते म्हणाले, "उपाशी राहून मास्तरचं पोट आत गेलं. आता त्याले कोनी वळखन नाई, म्हनून रडून राह्यला."

आणि देवकाबाई हसल्या. पदर तोंडाशी धरून, मग पदर सोडून. त्यांच्यामागं सगळं गाव हसलं.

पुढं दर मंडईला खापरीला तोच सिनेमा लागला. दरवेळी तलाव आला की बशीरभाऊंचं हेड खराब व्हायचं. पोरांनी सगळी वाक्यं पाठ केली. ती पोरं आता बाप झाली, पण खापरीत आजही लेकराला उठवताना रात्री झोपू देणार नाही अशीच धमकी देतात, आणि ग्रामसभेत कोणाचं बोलणं लांबलं की मागून आवाज येतो, मीठ पुरे.

तर आता त्या सिनेमाला मराठी येऊ लागलं होतं. बटन बशीरभाऊंच्या हाती राहिलं नव्हतं, आणि देवकाबाई पुन्हा पहिल्या रांगेत बसणार होत्या. आपलं बिंग फुटेल याची बशीरभाऊंना लाज होतीच, पण ती शालीखाली झाकता आली असती. त्या बाईला आपण एकदा बुडणाऱ्या पोरापासून वाचवलं होतं, आणि आता तिचाच मुलगा तिला हौसेनं ते पोर दाखवणार होता, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्यांनी जरीनाबींना सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तो मत जाव," जरीनाबी म्हणाल्या.

"मैं नहीं गया तो पिक्चर रुकेगी क्या?"

"नहीं."

"फिर?"

"फिर जाव," जरीनाबी म्हणाल्या आणि कणीक मळू लागल्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, बशीरभाऊंच्या मनात तर पुनव होती. त्यांनी हेमराजला फोन करून हा सिनेमा आजच्या लेकरांना आवडणार नाही असं सांगितलं. हेमराज म्हणाला, लेकरांसाठी कोण लावतंय, आमच्यासाठी लावून राह्यलो. त्यांनी एखादा देवाधर्माचा सिनेमा सुचवला. बशीरभाऊ देवाधर्माचं सुचवतात याचं हेमराजला इतकं कौतुक वाटलं की त्यानं शालीचा रंग बदलून भारीतली आणली. मग त्यांनी पावसाची शंका काढली. नोव्हेंबर चालू होता. शेवटी त्यांनी ताबिशला विचारलं, की इंटरनेटवरून एखादी गोष्ट कायमची घालवायची झाली तर काय करतात.

"अब्बा, इंटरनेटवरून काहीच जात नाही," ताबिश काच पुसत म्हणाला. "फक्त रिचार्ज जातो."

मंडईच्या दिवशी बशीरभाऊ पांढराशुभ्र कुर्ता घालून दुपारीच खापरीला पोचले आणि बाजारात न रेंगाळता थेट हेमराजच्या घरी गेले. हेमराज मैदानावर होता. देवकाबाई ओसरीवर सुपात सुकलेले झिंगे निवडत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते, हात मात्र तसाच चालत होता.

"या बशीरभाऊ. वाळून गेले जी तुमी."

"वय झालं, बाई. तुमचे डोळे कसे आहेत?" बशीरभाऊंनी वेळ न दवडता मुद्द्याला हात घातला.

"चंद्रपूरले आपरेशन केलं. आता तलावाच्या त्या अंगचा बगळाही दिसते."

"माशाल्ला," बशीरभाऊ म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. "पन आपरेशनच्या डोळ्याले पडद्याचा उजेड सोसत नाई म्हनतात. तुमी मागं बसा. नाईतं घरीच बसा. थंडी पडते."

"पुढं बसन मी. तुमी बाजूले बसा."

"सिनेमा काई एवढा चांगला नाई, बाई. तेव्हा आपल्याले समजत नोतं."

देवकाबाईंनी सुपातून नजर वर केली. बशीरभाऊंना वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हेमराजनं लई खटाटोप केला. त्याले वाटते, माय हसत नाई."

"हसत नाई का?"

"हसते ना जी. शेजारनीसंग हसते, नातनीसंग हसते. त्यानं तोंडाकडं पाहत राह्यलं का मंग हसू येत नाई." त्यांनी एक खडा वेचून अंगणात फेकला. "आज हसन त्याच्यासाठी."

बशीरभाऊंनी तोंड मिटलं. त्यांना झिंग्याची भाजी आणि भात वाढला गेला. भाजी चांगली झाली असावी, पण त्यांना चव लागली नाही.

दिवस मावळला तसा शाळेच्या मैदानात दोन बांबूंना पांढरं कापड ताणलं गेलं. बायका, माहेरवाशिणी, जावई, लेकरं, सगळं गाव सतरंजीवर दाटलं. हेमराजनं शाल पांघरली, नारळ दिला आणि माईकवर सांगितलं, की आपल्या सगळ्यांचं बालपण या माणसानं चिमूरहून बैलगाडीत आणलं होतं. टाळ्या पडल्या. बशीरभाऊ फाशीच्या कैद्याला शाल मिळावी तसे ती घेऊन देवकाबाईंच्या शेजारी बसले.

सिनेमा सुरू झाला. ढोल्या मास्तर पडद्यावर आला, तशी चाळिशीतली माणसं शिट्ट्या मारू लागली. मास्तरनं तोंड उघडलं.

"सुप्रभात विद्यार्थ्यांनो," मास्तर म्हणाला. "शिबिरात आपले हार्दिक स्वागत आहे." आवाज बाईचा होता. वेळेवर हप्ता भरा असं फोनवर सांगणारी बाई असते, तिचा.

शिट्ट्या थांबल्या.

"कृपया शिस्तीचे पालन करा," मास्तर त्याच आवाजात पुढं म्हणाला. "श्रीनिवास, तू पुन्हा उशिरा आला आहेस."

"हा श्रीनिवास कोन आहे बे?" मागून एकानं विचारलं.

"जंगूले श्रीनिवास म्हनून राह्यली वाटते."

"काऊन? त्याचं नाव जंगू आहे ना."

"आन् मीठ कुठी गेलं? इथी मिठाचं होतं ना भाषण?"

दहा मिनिटांत खापरीचं मत पक्कं झालं. मोबाईलनं सिनेमा बिघडवला होता. मूळ सिनेमा असा नव्हता, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. कोणीतरी म्हणालं, तेलुगूवाल्यांनी नंतर बदलला असेल. कोणीतरी म्हणालं, सरकारनं बदलायला लावला असेल. हेमराजनं आवाज बंद करायला लावला आणि माईक आणून बशीरभाऊंच्या हाती दिला.

"बोला, भाऊ. तुमच्याबिगर मजा नाई."

बशीरभाऊंना हायसं वाटलं. निदान तोंड तरी आपल्या ताब्यात आलं. ते उभे राहून बोलू लागले. अर्धी वाक्यं ते विसरले होते, पण गाव कशाला होतं? त्यांनी "काल भाजीत" एवढं म्हटलं की सगळं मैदान पुढचं पुरं करत होतं. जिलबीच्या कढईत मास्तर पडला, तेव्हा दोन-तीन जावई हसता हसता सतरंजीवर आडवे झाले. हेमराज पडद्याकडं पाहतच नव्हता. तो खांबापाशी उभा राहून आईच्या तोंडाकडं पाहत होता. देवकाबाई ठरल्याप्रमाणे हसत होत्या.

बशीरभाऊ माईक खाली धरून रोशनीकडं सरकले. हेमराजची ही मुलगी मोबाईल घेऊन यंत्राजवळ बसली होती.

"बेटी, हे पुढं पळवता येते का?"

"येते ना आबाजी. कुठून?"

"तलाव आला का."

"नाई जमन," रोशनी म्हणाली. "बाबा म्हनले, एक मिनिटही कापाचं नाई. तिथी तुमचं हेड खराब व्हायचं, ते कोनीच पाहिलं नाई अजून. तेच तं पाहाचं आहे सगळ्याले."

बशीरभाऊ आपल्या जागी परतले. पडद्यावर पोरं तलावाकडं पळत निघाली होती.

जंगूनं पैज लावली. दगडावर चढला. सूर मारला. गाव पुढं सरकून बसलं. बशीरभाऊंच्या डोक्यात काहीही नव्हतं, आणि पाय मात्र निघाले होते. ते जाऊन कापडापुढं उभे राहिले. पण ते दिवस टी.व्ही.चे होते. आता त्यांच्यापुढं होता प्रोजेक्टरच्या उजेडाचा झोत, आणि तो सरळ अंगावर पडला. तलाव त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर आला. बुडबुडे त्यांच्या छातीवर आले आणि तिथंच फुटले.

"जंगू मोठा हुशार," बशीरभाऊ माईकवर म्हणाले. "जंगू पान्यातल्या पान्यात..."

एवढ्यावर त्यांनी माईक खाली घेतला.

"भाऊ, बाजूले व्हा," मागून लोक म्हणू लागले. "दिसून नाई राह्यलं."

"बसा, बशीरभाऊ," देवकाबाई म्हणाल्या. "मले दिसते. बसा इथी."

ते येऊन बसले. कापडावर माणसं पाण्यात उतरली. त्यांनी जंगूला बाहेर आणलं आणि गवतावर ठेवलं. आवाज बंद होता. ढोल्या मास्तर गवतावर गुडघे टेकून पोराचे पाय चोळत होता, आणि चोळायचं थांबवत नव्हता. हेमराज खांब धरून उभा होता. एवढी वर्षं आपण कशावर हसलो ते त्याला आत्ता कळलं, आणि त्याला आईकडं पाहवेना.

"रोशनी, बंद कर ते," तो म्हणाला.

"चालू दे," देवकाबाई म्हणाल्या.

त्यांनी कापडावरून डोळे काढले नाहीत. "मले तेव्हाच समजलं होतं जी," त्या बशीरभाऊंना म्हणाल्या. "तुमी टी.व्ही.पुढं उभे राह्यले, तं तुमचे पाय लटलट कापत होते. मंग फोटोले हार घातला. हाराचा फोटो कोनाले समजत नाई?"

"तं हसल्या काऊन, बाई?"

"मानूस घामानं भिजून भिजून खोटं बोलून राह्यला. हसू नाई येनार?"

माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं, आणि पुढच्या रांगांतल्या म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांनाही तेव्हाच समजलं होतं. त्या दिवशी देवकाबाईंच्या मागं सगळं गाव हसलं, ते उगाच नाही.

"आता सांगा," देवकाबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तिकडच्या काठानं निघाला म्हनले होते तुमी. मंग कुठी गेला?"

बशीरभाऊ आजवर पुष्कळ खोटं बोलले होते. धंद्यात बोलले, घरी बोलले, तेलुगूत तर सगळंच खोटं बोलले. पण समोरच्यानं खरं माहीत असून मागून घेतलेलं खोटं त्यांनी कधी दिलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"बल्लारपूरले गेला," ते म्हणाले.

"काय करते तिथी?"

"पेपर मिलमध्ये आहे. पाळीवर जाते."

"पोहते का अजून?"

"नाई. आता नाई जात पान्यात. घरी नळ आहे."

"बरं आहे. लगन?"

"झालं. दोन पोरी आहेत."

"बायको कशी आहे?"

"तोंडानं तिखट आहे जरा."

"असू दे," देवकाबाई म्हणाल्या. "तोही काई गरीब नोता."

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कापडावर जंगूचा बाप मटकन खाली बसला. त्याला काय झालं ते यंदा कोणी सांगितलं नाही.

"मंग येत काऊन नाई तो?" देवकाबाईंनी विचारलं.

बशीरभाऊंनी अंगठ्यानं माईकचं बटन बंद केलं. हे गावाला ऐकवायचं नव्हतं.

"भेव वाटते त्याले, बाई."

"कायचं?"

"जाळं तलावातच राह्यलं ना. तुमी रागावाल म्हनते."

हेमराज खांब सोडून आला होता आणि आईच्या मागं उकिडवा बसला होता. आई पुढं जे बोलली, ते त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"रागावलीच होती मी," देवकाबाई म्हणाल्या. "त्या दिशी तो घरी आल्ता. जाळं अडकलं, निघत नाई म्हने. मीच म्हटलं, जाळ्याबिगर घरात पाय ठेवजो नोको. मीच वापस धाडलं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि मग बशीरभाऊंच्या कुर्त्याची बाही धरली.

"तुमाले भेटला तं सांगजा त्याले. जाळं दुसरं आनलं म्हना. माय रागावली नाई म्हना."

"सांगतो, बाई," बशीरभाऊ म्हणाले. "उद्याच जातो."